मिनिमल फोटोतली मोकळी जागा ओकीबोकी का दिसते? (बडोदे, कॅमेरा आणि प्रिंट)

सुरसागर_काठी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये सहा फोटो लावायचे आहेत. विषय "कमीत कमी", प्रिंट १२ बाय १८ इंच. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर, लेन्स १८-५५ आणि ५५-२००, शिवाय फोन. सध्या तीन फोटो काढून ठेवले आहेत आणि तिन्ही मिनिमल वाटण्याऐवजी अर्धवट वाटतात.

१) सुरसागर तलावाचं पाणी, डावीकडे एक बगळा, वर पलीकडच्या दुकानांची बारीक पट्टी.
२) आकाशात एकच पतंग. आकाश राखाडी, कोपरे काळवंडलेले.
३) चुना लावलेल्या भिंतीपुढे लाकडी खुर्ची. भिंत मळकट आली आहे.

काय चुकतंय? आणि या गावात वायरी, पाट्या, स्कूटर नसलेली पार्श्वभूमी मिळते तरी कुठे? उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) जवळ आलंय, त्याआधी शहाणं करून सोडा.

लीलो_चेवडो
मिनिमल प्रतिसाद:
.

रावपुरा_टपाल
+१. उरलेला प्रतिसाद मोकळी जागा समजून वाचावा.

फिकट_राखाडी
थट्टा झाली, आता मुद्द्यावर. २ आणि ३ ला एकच रोग आहे: मीटर. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. बाजाराच्या फोटोत गडद-उजळ सगळं असतं, म्हणून ते खपून जातं. पण चौकटीचा नव्वद टक्के भाग चुन्याची भिंत असेल तर कॅमेरा त्या पांढऱ्याला ओढून राखाडीवर आणतो. भिंत मळकट नाही, कमी एक्स्पोज झाली आहे.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा किती स्टॉप उजळ किंवा गडद; एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) साधारण असं धरा: चुन्याची भिंत +१ ते +१.७. पांढरं ढगाळ आकाश +१.३ ते +२. सकाळचं धुकं +१. सूर्य पाठीशी असताना निरभ्र निळं आकाश शून्याच्या आसपास, कारण ते मुळातच मध्यम छटेचं असतं. काळं कापड −१ ते −२. मग हिस्टोग्राम (छटांचा आलेख) बघा: डोंगर उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या कडेला चिकटलेला नको. रॉ मध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये उजळता येतं हे खरं, पण कमी एक्स्पोज केलेली सपाट भिंत दोन स्टॉप वर ओढली की तिच्यातला नॉइज सगळा वर येतो आणि तो लपवायला चौकटीत दुसरं काहीच नसतं.

मिनिमलची खरी अडचण हीच आहे. नेहमीच्या फोटोत चालून जाणारे दोष इथे उघडे पडतात.

तिपाई
फिकट यांना अनुमोदन. त्याच यादीत सेन्सरवरची धूळ घाला. एफ ५.६ ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ती दिसत नाही, एफ १६ ला आकाशात काळे ठिपके होऊन बसते. छिद्र लहान झालं की धुळीच्या कणाची सावली सेन्सरवर आखीव पडते. तपासायला आयएसओ १००, एफ २२, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा आणि शंभर टक्के मोठा करून बघा. कॅमेरा हलला तरी हरकत नाही, उलट बरंच. ठिपके दिसले तर कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअर मारा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकी उडते आणि ती धुळीपेक्षा चिवट. मिनिमल आकाशाला एफ ८ पुरेसा, त्यापुढे गरज असेल तरच जा.

२ मधले काळे कोपरे: ५५-२०० बहुधा पूर्ण उघडी वापरली असणार. लेन्सचं व्हिनेटिंग. एफ ८ वर निम्मं जाईल, बाकीचं लेन्स प्रोफाइल करेक्शनने. आणि खरं सांगा, एडिटिंगमध्ये डीहेझची (धुरकटपणा काढणारी) पट्टी ओढली होती ना?

सुरसागर_काठी
होय ताई, +४० वर.

तिपाई
शून्यावर आणा. डीहेझ आणि क्लॅरिटी सपाट आकाशात डाग, कोपरे आणि धूळ तिन्ही ठळक करतात.

रसभंग
विरोधी सूर लावू का? हे सगळं थंड देशांतलं कौतुक आहे. तिथे बर्फ पडतो, एक झाड उरतं, झाला फोटो. आपल्या मांडवीच्या गर्दीत उभं राहून चौकट मोकळी ठेवायची म्हणजे जे आहे त्याकडे पाठ फिरवणं. छायाचित्रकार ज्योती भट्ट बडोद्याचेच, २०१९ ची पद्मश्री. त्यांचे खेड्यांतले फोटो बघा: सारवलेल्या भिंती, त्यांवरची चित्रं, माणसं, जनावरं, चौकट काठोकाठ भरलेली आणि तरी एक रेघ जास्त नाही. साधेपणा म्हणजे मोकळी जागा हे समीकरणच मला मान्य नाही.

प्रतापगंज_पूर्व
रसभंग, अर्धं मान्य. पण "थंड देशांतलं" नाही. चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ पासून इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकवत होत्या, १९९० ला गेल्या. कागदावर शाई-पेन्सिलीच्या मोजक्या रेघा, बाकी कागद तसाच. फोटोही काढायच्या: पाण्याच्या कडा, फरशांच्या रेषा, रस्त्यावरचे पट्टे, सावल्या, सगळं कृष्णधवल. हयातीत ते फोटो त्यांनी प्रदर्शनात मांडले नाहीत. त्यांच्या फोटोंत बर्फ कुठेच नाही. आपल्याकडचंच कडक ऊन आणि सिमेंट आहे.

धागाकर्त्यांना त्यातून घेण्यासारखं असं की त्या फोटोंत मोकळी जागा "उरलेली" नसते, तिला आकार असतो. ३ नंबरची खुर्ची हाताने झाका. उरलेल्या भिंतीचा आकार बघण्यासारखा आहे का? नसेल तर खुर्ची चुकीच्या जागी आहे.

रसभंग
ही कसोटी पटली. पाठ फिरवण्याचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

खारी_सिंग
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दोघेही चालू ठेवा.

फिकट_राखाडी
कसोट्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. फोटो स्क्रीनवर टपालाच्या तिकिटाएवढा करा. विषय लगेच ओळखू येत नसेल तर दोनच कारणं असतात: विषय आणि पार्श्वभूमी एकाच छटेची आहे, किंवा विषयाची बाह्यरेषा नीट सुटलेली नाही. पांढरा बगळा चमकत्या पाण्यावर हरवतो. तोच बगळा मान वर करून सावलीतल्या पाण्यापुढे आला की तिकिटाएवढ्या फोटोतही बगळाच दिसतो. रंगीत फोटो क्षणभर कृष्णधवल करून बघा, छटांचा फरक तिथे कळतो. लाल पतंग निळ्या आकाशात डोळ्याला उठून दिसतो, पण कृष्णधवल केल्यावर बऱ्याचदा दोन्ही सारखेच राखाडी होतात.

आणि १ मधल्या दुकानांच्या पट्टीबद्दल: चौकटीच्या कडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक फेरी फिरून तपासायची सवय लावा. मिनिमल फोटो मध्यभागी क्वचित बिघडतो, कडांवर बिघडतो.

मांडवी_दरवाजा
१ साठी जागेवरचा उपाय. सुरसागरच्या कठड्यावरून २०० वर झूम करून कॅमेरा खाली झुकवा, पलीकडचा काठ चौकटीबाहेर जाईपर्यंत. आता चौकटीत फक्त पाणी. पण पाणी म्हणजे आरसा. काठ गेला तरी इमारतींचं प्रतिबिंब राहतं, त्यामुळे पाण्याच्या ज्या पट्ट्यात फक्त आकाश उतरलंय तोच निवडा. पाणी उजळ हवं तर पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, तो चकाकी मारतो आणि पाणी काळपट करतो. आणि आकाशाच्या फोटोला १८ एमएमवर पोलरायझर लावलात तर अर्धं आकाश गडद, अर्धं फिकट येईल. मिनिमलमध्ये तो डाग लपत नाही.

लहरी नको असतील तर एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच). १० स्टॉपचा फिल्टर वेळ साधारण हजारपट करतो: १/३० चे ३४ सेकंद. ६ स्टॉपचा ६४ पट: १/४ चे १६ सेकंद. तळ्याच्या शांत पाण्याला ८ ते १५ सेकंद भरपूर. फोकस फिल्टर लावण्याआधी करा आणि मॅन्युअलवर टाका. मागच्या व्ह्यूफाइंडरवर टोपी किंवा रुमाल ठेवा, नाहीतर तिथून प्रकाश शिरतो (मिररलेसला ही भानगड नाही). बगळा मात्र १५ सेकंद स्थिर उभा राहील याची हमी नाही. बगळा हवा की गुळगुळीत पाणी, एक निवडा.

इंदूरचा_पाहुणा
अवांतर: मधोमध १११ फुटांचे महादेव असताना तुम्ही बगळा शोधताय?

लीलो_चेवडो
महादेव मिनिमल नाहीत हो, मॅक्सिमल आहेत.

मांडवी_दरवाजा
अवांतर नाही, चांगला प्रश्न आहे. पुतळा अख्खा घेतला की भोवतीच्या इमारती आपोआप येतात. २०० वर फक्त त्रिशूळाचं टोक आणि आकाश घ्या. मोठ्या गोष्टीचा तुकडा घेणं ही गर्दीच्या गावातली सगळ्यात कामाची युक्ती आहे. आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटालाही तेच: वास्तुकार रॉबर्ट चिझमची सगळी कलाकुसर एका चौकटीत घ्यायला गेलात तर गोंधळ. घुमटाची एकच वक्ररेषा आणि वर आकाश घेतलं की झालं.

अगाशीवरून
जागा विचारल्यात, म्हणून पटकन:
पोलो ग्राउंड, जानेवारीत सूर्योदयाच्या आसपास, म्हणजे सव्वासात ते साडेसात. जमिनीलगत धुकं असेल तर पलीकडची झाडं आणि इमारती फिकट होतात.
महीचं पात्र, सिंधरोटकडे. पाणी कमी असताना वाळू.
वढवाणा, डभोईजवळ. सयाजीराव महाराजांच्या काळातला सिंचनाचा तलाव, २०२१ पासून रामसर स्थळ. हिवाळ्यात ढगाळ सकाळी पाणी आणि आकाश एका छटेचं होतं आणि क्षितिज नाहीसं होतं. पक्ष्यांच्या जवळ जायला धडपडू नका, इथे पक्षी लहानच हवा आहे.
ईएमई मंदिराचे ॲल्युमिनियमचे आकार या विषयाला अगदी योग्य, पण ती लष्कराची हद्द. कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारा.
आणि स्वतःची गच्ची. खालून वर बघितलं तर वायरी, गच्चीवरून बघितलं तर त्या खाली राहतात.

झूम_बराबर
धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो, कारण त्याला पकडायला कडा मिळत नाही. सिंगल पॉइंट निवडा, तो विषयाच्या कडेवर ठेवा, शटर अर्धं दाबून फोकस धरा आणि मग चौकट लावा. पतंगालाही सिंगल पॉइंटच.

सुरसागर_काठी
पतंगाचा विषय निघालाच आहे तर तो सविस्तर होऊ द्या. त्या दिवशी आकाशात "एकच" पतंग कसा मिळवायचा?

झूम_बराबर
आधी गणित. क्रॉप सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ एमएम. २०० एमएमवर १०० मीटरवरच्या पतंगाभोवती तुम्हाला पावणेबारा मीटर रुंदीचं आकाश मिळतं. पतंग दोन फुटी धरला तर तो रुंदीच्या पाच टक्के. हे माप सुंदर आहे: लहान, पण पतंग आहे हे कळतं. तोच पतंग ५५ वर घेतला तर दीड टक्काही उरत नाही. मग प्रिंट बघणारा विचारेल, हा पतंग की तिपाईताईंची धूळ?

शटर १/१००० किंवा वेगवान, एफ ८, आयएसओ ऑटो. फोकस कंटिन्युअस. पतंग ज्या बाजूला झुकलाय किंवा सरकतोय त्या बाजूला जागा जास्त सोडा. दोरी कोपऱ्यातून आत आली तर डोळ्याला वाट मिळते. दोरी अर्ध्यात विरून गेली तरी चालतं, पण पतंगाजवळचा तुकडा दिसायला हवा.

एकच पतंग हवा तर सकाळी लवकर, वारा धरण्याआधी, किंवा वासी उत्तरायणाला (उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी) संध्याकाळी उशिरा. भर दुपारी दोनशे पतंगांतून एक वेगळा काढणं म्हणजे खोडरबर घेऊन बसणं. सूर्य पतंगामागे असेल तर कागद आतून उजळतो. तेव्हा −०.७ करा, रंग धुऊन जाणार नाही.

तिपाई
रात्री तुक्कल विसरू नका. काळं आकाश, दोरीला कंदील, याहून सोपी मोकळी जागा नाही. इथे ऑटोवर सोडलं तर मीटर काळ्याला राखाडी करायला जातं आणि कंदिलांचे पांढरे गोळे होतात. मॅन्युअलवर १/२५०, एफ ५.६, आयएसओ ३२०० पासून सुरू करा, कागदाचा रंग दिसेपर्यंत कमी-जास्त करा.

खारी_सिंग
फोनवाल्यांनी काय करायचं? सगळ्यांकडे दोन लेन्स नसतात.

फिकट_राखाडी
फोनवर जमतं, पण फोनच्या हुशारीशी भांडावं लागतं. एक: अल्ट्रावाइड नको, विषय ठिपका होतो आणि कडा ताणल्या जातात. मुख्य लेन्स किंवा वेगळी टेली लेन्स असेल तर ती. बोटाने डिजिटल झूम करणं म्हणजे नुसतं कापणं. दोन: विषयावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याची खूण वर सरकवून भिंत पांढरी करा. तीन: एचडीआर बंद करता येत असेल तर करा. तो पांढऱ्या भिंतीतही "तपशील" शोधून तिला राखाडी करतो. चार: पोर्ट्रेट मोड पतंगाला मुळीच नको, दोरी खाऊन टाकतो. पाच: फोनमध्ये रॉ ची सोय असेल तर ती वापरा. फोनचं नॉइज कमी करणं सपाट आकाशात जलरंगासारखे डाग पाडतं, मोठ्या प्रिंटला ते दिसतात.

रावपुरा_टपाल
घरातल्या घरात करायचं असेल तर? बाहेर डास आहेत.

प्रतापगंज_पूर्व
खिडकीशेजारी टेबल. मोठा पांढरा ड्रॉइंग पेपर भिंतीला चिकटवून टेबलावर वळवून आणा. घडी घालायची नाही, नाहीतर क्षितिजासारखी रेघ पडते. वस्तू मागच्या कागदापासून जमेल तितकी पुढे, म्हणजे सावली भिंतीवर न पडता टेबलावर पडते. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा धरला की काळी बाजू उजळते, जितका जवळ तितकी जास्त. ट्यूबलाइट बंद. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा हिरवट-पिवळा प्रकाश एकाच पांढऱ्या कागदावर पडला तर व्हाइट बॅलन्स कशालाच लागू होत नाही.

काळी पार्श्वभूमी हवी तर काळा ड्रॉइंग पेपर नको, तो चमकतो. काळं मखमल घ्या, आणि ते खिडकीपासून शक्य तितकं लांब, सहा-आठ फूट आत टांगा. वस्तू खिडकीला चिकटून ठेवा. काळं आपोआप काळं येतं.

रसभंग
माझा एक रास्त प्रश्न. भिंतीवरचा डाग, आकाशातली वायर सॉफ्टवेअरमध्ये पुसली, तर मग "कमीत कमी" कॅमेऱ्याने केलं की रबराने?

प्रतापगंज_पूर्व
हाँगकाँगच्या फॅन हो यांचा १९५४ चा प्रसिद्ध फोटो आहे: उंच पांढरी भिंत, पायथ्याशी एक मुलगी, तिरकी येणारी सावली. ती सावली डार्करूममध्ये घातलेली आहे. तेव्हा हा वाद आपल्या आधीपासून चालू आहे.

मांडवी_दरवाजा
पुसायचं नसेल त्यांच्यासाठी वेगळा मार्ग. तिपाईवर कॅमेरा ठेवून दहा-दहा सेकंदांनी पंधरा-वीस फोटो काढा, सगळे मॅन्युअलवर, एकाच एक्स्पोजरचे. मग मीडियन स्टॅक करा (फोटोशॉपमध्ये स्टॅक मोड, जिंपमध्ये जीमिक). प्रत्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त फोटोंत जे असेल ते उरतं, ये-जा करणारे गायब. बाकावर बसून राहिलेले काका मात्र उरतात, त्यांना विनंती करावी लागते.

रसभंग
हे रबरच झालं, फक्त गणिताचं. पण वाचनखूण साठवली.

सुरसागर_काठी
मंडळी, भरपूर मिळालं. ३ नंबर पुन्हा काढतो. अजून दोन शंका: खुर्चीवर ऊन हवं की सावली? आणि प्रिंटला काय सांगायचं?

फिकट_राखाडी
ऊन तिरकं पडलं की चुन्यातला प्रत्येक पोपडा दिसतो. सपाट शांत भिंत हवी असेल तर ढगाळ वेळ किंवा इमारतीची सावली. सावलीलाच विषय करायचं असेल तर हाच महिना घ्या. डिसेंबरअखेर बडोद्यात भर माध्यान्हीलाही सूर्य ४४ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर, सावली पायाखाली. आणि कॅमेरा खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवर, भिंतीला अगदी समांतर धरा. चौकटीत सरळ रेषा दोन-तीनच असतात, त्यातली एक अर्धा अंश कलली तरी खुपते. ग्रिड लावून ठेवा.

तिपाई
प्रिंटचं माझ्याकडून. १२ बाय १८ ला ३०० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तुमचा सेन्सर ४००० बाय ६०००. म्हणजे नंतर कापायला फारशी जागा नाही. मोकळी जागा कॅमेऱ्यातच ठरवा. २४० डीपीआयवर २८८० बाय ४३२० पुरतात, हॉलच्या भिंतीवर फरक कळणार नाही.

आकाशात पट्टे दिसण्याचा धोका आहे. जेपेग ८ बिटचा, प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. पण तुमचं आकाश फक्त तीसेक पायऱ्यांत बदलत असेल आणि ४००० पिक्सेलवर पसरलं असेल, तर एक-एक पट्टा सव्वाशे पिक्सेलच्या पुढे जातो. म्हणून रॉ, एडिटिंग १६ बिटमध्ये, आणि शेवटी १०-१५ ग्रेन (बारीक रवाळपणा) घाला, ग्रेन त्या पायऱ्या मोडतो. लॅबला व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवू नका, ते आकार आणि दर्जा दोन्ही घटवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह न्या.

पांढरं २५५ (सगळ्यात उजळ पायरी) ठेवलंत तर तिथे प्रिंटमध्ये काहीच छापलं जात नाही, कोरा कागद राहतो, आणि पांढऱ्या माउंटमध्ये (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्यात) फोटोची कड कुठे संपते ते कळत नाही. २४५ ते २५० वर थांबा किंवा फाइलला बारीक राखाडी रेघ द्या.

सगळ्यात महत्त्वाचं: लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद करायला सांगा. त्यांचं मशीनही तुमच्या मीटरसारखंच सरासरी काढतं. तुम्ही +१.७ ने मिळवलेली पांढरी भिंत ते गुपचूप पुन्हा राखाडी करून देतं. आधी ४ बाय ६ चा नमुना मागा, मग मोठं.

सुरसागर_काठी
ग्लॉसी की मॅट?

तिपाई
हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत ना? ग्लॉसी नको, काळ्या तुक्कलच्या फोटोत ट्यूबलाइटच दिसेल. लस्टर (दोन्हींच्या मधला, कमी चमकीचा) घ्या. पूर्ण मॅटवर काळं थोडं राखाडी पडतं.

लीलो_चेवडो
सहा प्रिंट एकमेकांना खेटून लावू नका, मध्ये वीतभर जागा सोडा. आणि चहाचं टेबल दुसऱ्या भिंतीला.